घरातील मत्स्यपेटी : निवड, निगा आणि जबाबदारी



हैदराबाद ही तलावांची नगरी आहे. कुतुबशाहीच्या काळात, १५६२ च्या सुमारास, हुसेनसागर बांधला गेला. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीस महापूर आला आणि त्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन जलाशय उभे राहिले. पहिला १९२० मध्ये पूर्ण झाला, दुसरा १९२७ मध्ये. पाण्याप्रमाणेच माशांची हौसही या भूमीस नवी नाही. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मोडणारे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरण असून, माशांचे प्रकार आणि त्यांना घालावयाचे खाद्य यांची माहिती त्यात दिलेली आहे. त्या काळी जो राजाचा विनोद होता, तो आज काचपेटीच्या रूपाने सामान्य कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत आलेला आहे.

तथापि अनेक घरांतून असा अनुभव येतो की, मोठ्या उत्साहाने आणलेले मासे आठ-पंधरा दिवसांत एकामागून एक मरतात. मुले हिरमुसली होतात, पेटी माळ्यावर जाते, आणि दोष नशिबास किंवा दुकानदारास दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा त्याचे कारण पाण्यात असते. पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आणणे, ही या छंदातील सर्वांत सामान्य चूक होय.

मासा जे खातो त्याचा काही अंश अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. अमोनिया हे माशास विष आहे. नदीत वा तलावात असंख्य सूक्ष्म जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात असेल तर मासे सहन करू शकतात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. फिल्टरच्या स्पंजावर व तळाच्या वाळूवर त्यांची वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. यास्तव प्रथम पेटीत पाणी, वाळू व वनस्पती घालून फिल्टर सुरू करावा. रोज चिमूटभर खाद्य टाकावे म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीच्या कोणाकडे निरोगी पेटी असेल, तर तिच्या फिल्टरमधील थोडा जुना स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवल्यास हा काळ कमी होतो. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच दुकानांत मिळतात. दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत.

हैदराबादच्या पाण्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो आणि उपयुक्त जिवाणूही मारतो. हे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, शक्यतर त्यात हवा खेळवून, मगच वापरावे. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरतात. दुसरी गोष्ट कूपनलिकेच्या पाण्याची. ते बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. अशा पाण्यात अमोनियाची विषारी मात्रा वाढते, आणि उष्णतेने ती आणखी वाढते.

मे महिन्यात शहराचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. पाणी जितके उष्ण, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. वीस अंशांस लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांस तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. अशा वेळी पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी, झाकण सैल करावे, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा आणि एअर पंप अखंड चालू ठेवावा. बर्फाचे खडे टाकू नयेत. तापमानात एकाएकी होणारा बदल माशांस अपायकारक असतो. वीज जाण्याची शक्यता असेल तेथे सेलवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवणे शहाणपणाचे होय.

आता माशांची निवड. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता ते पन्नासाच्या आत येते. तिचे एकूण वजन साठ किलोच्या वर जात असल्याने खालचे टेबल मजबूत व समतल असावे. एवढ्या पाण्यात सहा झेब्रा मासे, चार प्लॅटी आणि बुटक्या गुरामीची एक जोडी सुखाने राहू शकते. झेब्रा आणि बुटकी गुरामी हे दोन्ही मासे मूळ आपल्याच उपखंडातील आहेत. १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गंगेच्या माशांवरील ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन याने झेब्रा माशाची शास्त्रीय नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. प्लॅटी, मॉली व गप्पी हे मासे जड पाण्यात चांगले राहतात, मात्र त्यांची प्रजा झपाट्याने वाढते, म्हणून शक्यतर एकाच लिंगाचे मासे ठेवावेत. कळपाने राहणारी जात एकट्या माशाने ठेवू नये. टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडतो. सोनमासा लहान दिसला तरी पुष्कळ वाढतो व पाणी फार मलिन करतो. त्यास या पेटीत स्थान नाही. नवे मासे एकदम न सोडता दोन-तीन टप्प्यांत आणावेत आणि प्रत्येक वेळी दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून रोगाची खात्री करून घ्यावी.

दैनंदिन निगा कठीण नाही. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा वा दोनदा घालावे. उरलेले कुजून पुन्हा अमोनियाच तयार होतो. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी काढून पेटी घासून लख्ख करण्याची पद्धत सोडून द्यावी. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, अन्यथा महिनाभर जोपासलेली जिवाणूंची वस्ती एका क्षणात नष्ट होते. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खत आहे.

यानंतरचा प्रश्न एका कुटुंबापुरता राहत नाही. काच चाटून शेवाळ साफ करतो म्हणून पुष्कळांच्या पेटीत सकर मासा असतो. दोन इंचांचा हा पाहुणा दीड फुटापर्यंत वाढतो, आणि पेटीत मावेनासा झाला की दयाबुद्धीने जवळच्या तलावात सोडला जातो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या अंगावर हाडांचे कवच आणि पंखांना टणक काटे असतात, त्यामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. तो काठांत बिळे करतो, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगून राहतो आणि स्थानिक माशांचे अन्न बळकावतो. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पाण्यातील जनुकीय अंश तपासून केलेल्या पाहणीत पूर्व घाटातील निम्म्याहून अधिक जलस्थानांत त्याचा प्रसार आढळला आहे. महाराष्ट्रातील उजनी जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. ज्याचे पोट दिवसाच्या जाळ्यावर अवलंबून आहे, त्यास फाटलेले जाळे म्हणजे बुडालेली मजुरी होय.

असाच इतिहास जलपर्णीचा आहे. सुंदर फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणलेली ही वनस्पती देशभरच्या तलावांवर पसरली, आणि ती काढण्यासाठी नगरपालिकांना आजही मोठा खर्च करावा लागतो. म्हणून पेटीतील मासा, गोगलगाय वा वनस्पती कोणत्याही परिस्थितीत तलावात, नाल्यात किंवा विहिरीत टाकू नये. मासा नकोसा झाल्यास तो दुकानदारास परत द्यावा अथवा दुसऱ्या हौशी व्यक्तीस द्यावा. मेलेला मासा पुरावा.

खरेदी करतानाही ग्राहकाने विचारपूस करावी. पश्चिम घाटातील नद्यांत आढळणारा ‘मिस केरळ’ हा देखणा मासा शोभेच्या व्यापारासाठी अतोनात पकडला गेल्यामुळे आज संकटग्रस्त गणला जातो. पैदास केंद्रातील मासाच घ्यावा, नदीतून पकडलेला घेऊ नये, एवढा आग्रह ग्राहकांनी धरला तरी पुष्कळ साधेल.

मत्स्यपेटीपासून मुलांस सौंदर्यदृष्टी लाभते, तसेच निसर्गाचे चक्र कसे चालते याचा प्रत्यक्ष पाठही मिळतो. मासे आणण्यापूर्वी महिनाभर वाट पाहणे, मोजून खाद्य घालणे आणि आपल्या पेटीतील जीव सार्वजनिक पाण्यात न सोडणे, या तीन गोष्टी प्रत्येक घराने कटाक्षाने पाळल्यास पेटीतील मासे जगतील आणि बाहेरचे तलावही सुरक्षित राहतील.