चांगुलपणाच्या आडून येणारा गर्व

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आजपासून लोक तुमचं ऐकू लागतील. धर्मग्रामात प्रवचनाला, मुलांना शिकवायला, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायला तुम्हाला बोलावतील. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेत किंवा इथं नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेत एखादी अनोळखी आई तुमच्याकडे येऊन म्हणेल, "माझ्या लेकरासाठी प्रार्थना करा." तुम्ही कराल. लेकरू बरं होईल, आणि पुढच्या वर्षी ती आई गर्दीत देवाच्या आधी तुम्हाला शोधेल. मला त्या दिवसाविषयी बोलायचं आहे.

उघड गर्वाची मला फारशी काळजी नाही. तो चारचौघांना दिसतो, घरचेच कान उपटतात. धास्ती वाटते ती प्रार्थनेत, उपवासात, सेवेत मुरत जाणाऱ्या गर्वाची. सोळाव्या शतकातले कार्मेली संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी साधनेला नव्यानं लागलेल्यांचे दोष सांगताना पहिला दोष हाच सांगितला. त्यांचं एक निरीक्षण मला फार अस्वस्थ करतं. काही साधक मोठं पाप घडलं की नेहमीच्या फादरांकडे पापनिवेदनाला जातच नाहीत, ते दुसऱ्या फादरांकडे जातात. नेहमीच्या फादरांचं त्यांच्याविषयीचं मत चांगलं राहावं एवढ्यासाठी! जिथं माणसानं ओझं उतरवायचं, तिथंही तो आपली प्रतिष्ठा सांभाळत बसतो.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियसही यातून सुटले नव्हते. 1522 साली ते स्पेनमधल्या मन्रेसा गावी कठोर तप करत होते. तिथल्या मुक्कामात त्यांना एवढा ताप भरला की आता मरण आलंच असं वाटलं. त्या क्षणी मनात विचार उठला, 'तू तर नीतिमान आहेस.' तापापेक्षा त्यांना या विचाराचाच जास्त त्रास झाला. थोडं बरं वाटल्यावर भेटायला आलेल्या बायकांना त्यांनी कळवळून विनवलं की, पुन्हा मी मरणाच्या दारात दिसलो तर मोठ्यानं ओरडून मला 'पापी माणसा' अशी हाक मारा. मरणाच्या दारातही तो विचार आला, आणि त्याला हाकलायला त्यांना दुसऱ्यांचा आवाज लागला. आपल्या मराठी मुलखात हेच गोरा कुंभाराच्या कथेत येतं. विठ्ठलाच्या एवढ्या जवळचे नामदेव, पण संतांच्या मेळ्यात तेच कच्चं मडकं ठरले, आणि त्यानंतर विसोबा खेचरांकडे शिकायला गेले.

आता आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया पाहा. जपानात व्यापार करता करता ते तिथली भाषा उत्तम शिकले. पुढे व्यापार सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेले आणि ब्रदरच राहिले, फादर झाले नाहीत. 1593 मध्ये फिलिपाइन्सहून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता दूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी गोन्सालो होते. दरबारात आवाज गोन्सालोंचा, पण निरोप दुसऱ्याचा. दुभाष्यानं पदरचं काही घातलं की निरोप बिघडतो. सुवार्ता सांगणाऱ्याचं काम याहून वेगळं नाही, आणि तुम्हाला आज मिळालेली पदवी त्याच कामाची आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यांत गोन्सालो होते. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं.

गर्व टाळायचा म्हणून 'मी कुणीच नाही, माझी काय पात्रता' असं घोळवत राहू नका. ऐकणाऱ्यानं 'छे छे, तुमच्यासारखं कुणी नाही' म्हणावं, ही भूक त्यात लपलेली असू शकते. गर्व होईल या भीतीनं चांगलं काम सोडणंही चूकच, कारण तेव्हाही लक्ष स्वतःवरच खिळलेलं असतं. कौतुक झालं तर आभार माना आणि पुढच्या कामाला लागा. प्रवचन रंगलं म्हणून आनंद झाला, यात पाप नाही. शेजारच्या धर्मग्रामातल्या फादरांचं प्रवचन त्याहून रंगलं हे कळल्यावर आत काय हललं, ते मात्र रात्रीच्या आत्मपरीक्षणात प्रामाणिकपणे पाहा. इग्नेशियस सांगतात, विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा, कारण वाईट विचार पुष्कळदा चांगल्या विचाराचं रूप घेऊन येतो.

आपला नाशिक धर्मप्रांत 1987 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. पण इथल्या खेड्यापाड्यांतली श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीची. ज्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत अशा धर्मशिक्षकांनी आणि रोझरी सांगणाऱ्या आज्यांनी ती जपली. त्यांच्यापुढे तुम्ही शिकवायला उभे राहणार आहात, हे विसरू नका.

म्हणून एकच मागणं आहे. नेमणुकीच्या गावी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात असं एक माणूस शोधा, जे तुमच्या पदवीला भुलणार नाही. देवळाची झाडलोट करणारा सेवक असेल, स्वयंपाकघरातली मावशी असेल, एखादी आजी असेल. तिला किंवा त्याला स्पष्ट सांगा, "माझं चुकलं तर मला तोंडावर सांगा." आणि ते सांगतील तेव्हा उलट उत्तर देऊ नका.