बढतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी

(हुडकेश्वर येथील तरुण नोकरदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुडकेश्वर हे गाव २०१३ साली नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आले. जेथे धुऱ्यावरून पायवाट जात होती तेथे लेआऊट पडले आणि भूखंडांवर घरे उभी राहिली. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून अशा घरांतली मुले इंजिनिअर होऊ लागली. आज त्यांतील कित्येक मिहानमधील संगणक कंपन्यांत आहेत, आणि कॉर्पोरेट जगात वर कसे चढावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न आहे. हा प्रश्न तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मध्यमवर्गीयांचा स्वार्थ म्हणून पुरोगामी मंडळींनी तो फार काळ बाजूला सारला, ही त्यांची चूक होय. ज्याच्या पगारावर घराचा हप्ता, धाकट्याचे शिक्षण आणि आईवडिलांचे औषधपाणी अवलंबून आहे, त्याला बढतीची आस असणे साहजिक आहे.

परंतु बढती म्हणजे नेमके काय, हे कोणी फारसे सांगत नाही.

नागपूरला नोकरीतील उत्कर्षाची एक जुनी ओळख आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ साली त्या गिरणीत निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती. पण मालकाच्या औदार्याने मिळते ते त्याच्या मर्जीवर राहते. म्हणून रा. स. रुईकरांसारख्या पुढाऱ्यांनी या शहरात गिरणी कामगारांची संघटना बांधली. साचेवाल्याची स्थिती सुधारायची तर शेजारच्या साचेवाल्याचीही सुधारावी लागे. एकट्याचा भाव वाढत नसे. पुढे गिरणी बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे.

आजच्या कचेरीत हे गणित उलटे मांडले गेले आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्श यांनी माणसांची वर्गवारी रूढ केली : वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा, आणि त्या दहांनी चालू लागावे. जगभरच्या कचेऱ्यांनी ती आपापल्या परीने उचलली. काम पाहण्याआधीच टक्केवारी ठरलेली असली की दहाच्या दहा जणांनी उत्तम काम केले तरी त्यांतील एकाला खाली बसवावेच लागते. मग शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला अडलेली गोष्ट समजावून सांगणे हा स्वतःचा तोटा ठरतो. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ साली सोडली, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला काही संरक्षण दिले. वर्षभर सलग नोकरी झालेल्यास कपातीपूर्वी एक महिन्याची सूचना किंवा तिच्याऐवजी वेतन, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई, आणि वेगळे कारण नोंदवले नसेल तर शेवटी आलेला आधी जाईल हा नियम. तांत्रिक काम करणाराही या व्याख्येत येतो. व्यवस्थापकीय काम करणारा मात्र येत नाही. आणि पर्यवेक्षकाला वेतनाची मर्यादा आहे. ती आधी १,६०० रुपये होती, २०१० साली १०,००० झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. आजच्या कोणत्याही टीम लीडचा पगार तिच्या वर असतो. म्हणजे ज्या दिवशी घरी पेढे वाटले जातात, त्याच दिवशी हा तरुण कायद्याच्या छपराखालून बाहेर पडलेला असण्याचा संभव आहे. ही भीती काल्पनिक नव्हे. ज्या घराण्याने एम्प्रेस मिल काढली त्याच्याच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, जिची कचेरी मिहानमध्येही आहे, जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर, माणसे कमी करण्याचे जाहीर केले. आणि त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील माणसे असतील असे सांगितले. पायऱ्या चढून गेलेल्यांचीच ही गणना होती.

तर मग बढती नाकारावी काय? मुळीच नाही. पण पदनाम आणि काम यांत फरक आहे. प्रत्यक्ष मुख्य काम कोणते, हे पाहावे, पदाच्या नावावर जाऊ नये, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. ज्याला 'मॅनेजर' म्हणतात पण ज्याच्या हाती कोणाची रजा मंजूर करण्याचाही अधिकार नाही, जो दिवसभर स्वतःच प्रोग्रॅम लिहीत बसतो, त्याने आपल्या कामाची नोंद ठेवावी. नेमणूकपत्र, बढतीपत्र, दरवर्षीचे मूल्यमापन यांच्या प्रती घरी असाव्यात. नव्या पत्रात सूचनेची मुदत किती, नोकरी सोडल्यास काय भरावे लागेल, हे सहीपूर्वी वाचावे. पगाराचा आकडा सगळेच वाचतात. खालची बारीक अक्षरे मात्र राहून जातात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर किती जणी त्याच पदावर परततात, आणि ते पाळणाघर कोठे आहे, हे मुलाखतीतच विचारावे. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही एक उत्तरच आहे.

संघटनेचे नाव काढले की हे तरुण हसतात. ती गिरणीतल्या लोकांची गोष्ट, असे त्यांना वाटते. शेजारच्या कर्नाटकात २०१७ साली संगणक क्षेत्रातील नोकरदारांची संघटना नोंदली गेली, आणि २०२४ साली कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत नेऊ देणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध ती उभी राहिली. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या लागतात, आणि सभासद त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील कामगारांच्या दहा टक्के अथवा शंभर, यांत जे कमी असेल तितके. मिहानमधील एकेका कंपनीच्या उपाहारगृहात दुपारी एक वाजता त्याहून अधिक माणसे रांगेत उभी असतात.