गिधाडं वाढवणं आणि गिधाडं वाचवणं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण आपल्या बॅचमध्ये निम्म्या घरी गाई-म्हशी आहेत, एकाचं मेडिकल आहे, दोघं गुरांचे डॉक्टर आहेत. म्हणून मी गिधाडांवर बोलणार आहे. तुमचा त्याच्याशी काय संबंध, ते शेवटी सांगते.

आपण शाळेत असताना गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. आज आपल्या मुलांना गिधाड भेटतं ते जटायूच्या गोष्टीत. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं.

कुणी त्यांची शिकार केली नव्हती. कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. गुरांना सूज आणि दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं, त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. सगळीच जनावरं विषारी असायची गरज नव्हती. शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असलं, तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो.

हरियाणात पिंजोरला गिधाड प्रजनन केंद्र आहे. आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचा वनविभाग यांनी ते उभं केलं. तिथलं काम फार सावकाश चालतं. गिधाड वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मग तिथले लोक पहिलं अंडं काढून यंत्रात उबवतात, म्हणजे जोडी कधीकधी दुसरं घालते. खायला बकऱ्याचं मांस देतात, पण बकरे आधी काही दिवस केंद्रातच ठेवतात, अंगात औषध शिल्लक राहू नये म्हणून. पुढे आसाम, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेशातही अशी केंद्रं झाली. २०२४ मध्ये पिंजोरची काही गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचमध्येही आणली गेली.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअप आहे. आणि बॅकअपबद्दल आम्हाला एक गोष्ट पक्की माहीत असते. ज्या व्हायरसने सिस्टिम पाडली तो तसाच ठेवून बॅकअप परत चढवला, तर तोही पडतो. पिंजऱ्यातली पिल्लं कितीही वाढवा, बाहेरचं मांस विषारी असेल तर आपण त्यांना मरायलाच सोडतो. शिवाय गिधाड दिवसाला शंभर किलोमीटरही सहज फिरतं. जंगल कितीही राखलं, तरी ते जेवायला येणार आपल्याच शिवारात.

कायदे झाले आहेत. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही एका डोसच्या छोट्या बाटलीतच विकायचं ठरलं. २०२३ मध्ये गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही बंदी आली. पण कायदा गोठ्यापर्यंत पोचवायचा तर तुमच्याशिवाय कोण पोचवणार?

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. गाय लंगडली, कासेला सूज आली, तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम चालेल का, असं विचारा. ते गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासलेलं आहे. मेडिकलवाल्या मित्रा, माणसांचं इंजेक्शन कुणी म्हशीसाठी मागितलं, तर देऊ नकोस. आणि औषध टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर गेलं, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.

पिंजोरच्या माणसांनी वीस वर्षं एकेक अंडं जपलं आहे. त्या पक्ष्यांचं पहिलं जेवण आपल्या गावात होईल तेव्हा ते बिनविषाचं असावं, एवढंच मागते.