फुरशाचा अलार्म

शेपटी खुळखुळवणारा रॅटलस्नेक रीलमध्ये बघितलाच असेल. तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतो. पण आवाज करून "लांब राहा" सांगणारा एक गडी आपल्या कुर्डुवाडीच्या माळावरही आहे. फुरसं!

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. सुट्टीत गावी आलो की रात्री पाली, सरडे, साप बघत फिरायचं, हा छंद. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं मित्र असेच बॅटऱ्या घेऊन निघालो. दगडी बांधापाशी पाय टाकणार, तेवढ्यात तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज. चर्रर्र! बॅटरी मारली. जेमतेम फूटभर जीव, रंग मातीचाच, वेटोळं सारखं फिरतंय. आम्ही मागं सरलो. थोड्या वेळानं ते दगडाखाली गेलं. विषय संपला.

हा आवाज तोंडातून येत नाही बरं का. फुरशाच्या कुशीवरच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. वेटोळं फिरलं की ते एकमेकांवर घासतात. रॅटलस्नेकच्या शेपटीत केराटीनची, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचीच, कडी एकमेकांवर आपटतात. यंत्र वेगळं, मेसेज एकच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री येते आणि घरातलं कुणीतरी दारं धरायला जातं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक खेड्यातली. फुरसं लहान दिसतं म्हणून फसू नका. त्याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, आणि रक्तस्राव कधीकधी काही तासांनी सुरू होतो. "काही होत नाहीये" म्हणून घरी बसायचं नाही. करकचून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. अंगठी, कडं काढा, हात-पाय हलू देऊ नका, १०८ लावा. साप पकडून न्यायचीही गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालते.

रानात जाताना पायात बूट, हातात बॅटरी, आणि कान मोकळे. इअरफोन काढून ठेवा. फुरसं अलार्म देतं, पण तो ऐकू तर आला पाहिजे! आमचा एपिसोड काय, सकाळी ऐका. भेटू पुढच्या भागात.