गोलफरक काय सांगतो?



संघाने केलेल्या गोलांतून संघावर झालेले गोल वजा केले की उरतो तो गोलफरक. नरसी नामदेवच्या शेतकऱ्याला हा हिशेब शिकवायला नको. हळदीची पट्टी मोठी आली, तरी बेणे, खत, मजुरी वजा जाता हाती काय उरले, हेच खरे.

२००७-०८ च्या पहिल्या आय-लीगमध्ये डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या दोन्ही संघांचे प्रत्येकी ३६ गुण झाले. चर्चिलच्या ओडाफा ओकोलीने एकट्याने २२ गोल केले होते. तरीही सरस गोलफरकावर अजिंक्यपद डेम्पोकडे गेले.

एक गोलाने हरा की पाच गोलांनी, गुण शून्यच. पण हरतानाही संघ किती झुंजला, हे गोलफरक सांगतो. एखादा मोठा विजय हा आकडा फुगवतो. म्हणून तो पूर्ण हंगामाचा पाहावा.

तेव्हा मुलांनो, सामना हातचा गेला तरी पुढचा गोल अडवा. पेपर अवघड गेला, तरी उरलेले प्रश्न सोडून उठू नका. आणि पालकहो, निकालपत्रावर केवळ पास-नापास पाहू नका. मूल कुठवर झुंजले, तेही पाहा.