परदेशी पार्सल आणि खरी किंमत

(महिला बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



मला दिलेला विषय तसा रुक्ष आहे. परदेशात पार्सल कसे पाठवायचे आणि कस्टम्सचे, म्हणजे सीमाशुल्काचे, कागद कसे भरायचे. पण आपल्या पाड्यांवरच्या बायांच्या हातची चित्रे, बांबूच्या टोपल्या आणि आकाशकंदील आता बाहेरदेशी मागितले जात आहेत. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले, ते साता समुद्रापार नेले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांनी वाट मोठी केली, आता आपल्या बहिणी त्या वाटेने निघाल्या आहेत. वाटेवर एक नाका आहे, त्याचे नाव कस्टम्स. त्या नाक्यावर आपण नसतो. आपल्या वतीने तिथे फक्त पार्सलावर चिकटवलेला कागद बोलतो. म्हणून तो कागद खरा आणि पूरा असावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

तो कागद म्हणजे सीमाशुल्क घोषणापत्र. लहान पाकिटाला सीएन २२, मोठ्या आणि जास्त किमतीच्या पार्सलाला सीएन २३. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता, घेणाऱ्याचे पूर्ण नाव, घर क्रमांक, रस्ता, पिनकोडसारखा त्यांचा क्रमांक, फोन आणि ईमेल, हे सारे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. हीच माहिती आता पार्सलाच्या आधी संगणकातून त्या देशात पोहोचते. नाव अर्धे असेल तर पार्सल मुंबईच्या विदेश टपाल कार्यालयातच अडकू शकते.

पुढचा रकाना म्हणजे आत काय आहे. तिथे बरेच जण नुसते ‘हस्तकला’ किंवा ‘भेटवस्तू’ लिहितात. नाक्यावरच्या माणसाला त्यावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा लिहा: ‘सुती कापडावर हाताने रंगवलेले वारली चित्र, तीन नग’. किंवा ‘बांबूची विणलेली टोपली, दोन नग’. प्रत्येक वस्तूचे नग, वजन, किंमत आणि मूळ देश भारत, असे वेगवेगळे लिहा. शिवाय वस्तूचा सहा आकडी एचएस क्रमांक लागतो. तो जगभर सारखाच असतो. बांबूच्या विणकामाला ४६०२.११, हाताने काढलेल्या आजच्या चित्राला ९७०१.९१. मात्र कापडी पिशवीवर वारली चित्र काढले, तर ती पिशवीच राहते, ती ४२०२ मध्ये जाते. पिशवीला चित्र म्हणून पाठवले तर माल चुकीच्या वर्गात जातो आणि खुलासे सुरू होतात.

आता खरा नाजूक रकाना, किमतीचा. काउंटरवर शेजारी उभा असलेला कोणीतरी हमखास सांगतो, “ताई, कमी लिहा, तिकडे टॅक्स लागणार नाही.” सांगणारा वाईट नसतो, त्याला मदतच करायची असते. पण जरा हिशेब करून बघा. एका ताईने सहा दिवस बसून एक चित्र पुरे केले. गेरू, कापड, रंग आणि तिची मजुरी धरून ते अडीच हजारांना दिले. फॉर्मवर तुम्ही दोनशे लिहिलेत. पार्सल हरवले तर भरपाई ठरवताना दोनशेच पाहिले जातील. बँकेत अडीच हजार आले आणि कागदावर दोनशे निघाले, तर त्या फरकाचे उत्तर गटाच्या अध्यक्षांना द्यावे लागेल. आणि उद्या कोणी जुने कागद काढून म्हणाले, “तुमचे चित्र तर दोनशेचे आहे,” तर आपणच सही करून दिलेला तो भाव आहे. किमतीच्या रकान्यात त्या ताईचे नाव कुठेच नसते, पण तिचे सहा दिवस त्यात असतात. तिचा भाव सावकाराने पाडला, व्यापाऱ्याने पाडला. निदान आपण तरी पाडू नये.

त्याच्याच बाजूला चौकटी असतात: भेट, नमुना, विक्री. यातली खरी चौकट भरा. पैसे घेतले असतील तर ती विक्री. पैसे उशिरा येणार असले तरी विक्रीच. भेट म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला मोबदला न घेता दिलेली वस्तू. अशा भेटींना काही देश थोडी सूट देतात. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत, युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंतच्या भेटीवर तिथला कर लागत नाही. पण ती सूट व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीसाठी आहे. गटाने मंडळीला पाठवलेल्या चाळीस कंदिलांसाठी नाही.

एका गटाची हकिगत सांगतो. जर्मनीतल्या एका वयस्क बाईंनी त्यांच्याकडून चित्रे मागवली, पैसे आगाऊ पाठवले. गटाने कोणाच्या तरी सल्ल्याने ‘भेट’ लिहिले आणि किंमत नाममात्र टाकली. तिकडच्या कस्टम्सने पार्सल रोखून बाईंना कार्यालयात बोलावले, पैसे भरल्याचा पुरावा मागितला. बाईंनी खरी पावती दाखवली. कागदावर एक आकडा, पावतीवर दुसरा. त्यांनी कर भरला, पार्सल सोडवले आणि गटाला सौम्य पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती. एवढेच होते की अधिकाऱ्यासमोर काय बोलावे ते त्यांना सुचले नाही. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला परक्या टेबलासमोर खाली मान घालून उभे राहावे लागले. वाचवलेल्या करापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

आपल्यासारख्या संस्थांना याला आणखी एक बाजू आहे. मालाची रास्त किंमत म्हणून आलेले पैसे हा व्यापार आहे. देणगी म्हणून आलेले परदेशी पैसे हे परदेशी अंशदान आहे. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. बचत गटाला अशी नोंदणी नसते. म्हणून कोणी प्रेमाने म्हणाले, “टोपली पाचशेची असू दे, मी दहा हजार पाठवतो,” तर ते पैसे गटाच्या खात्यात घेऊ नका. पाचशे टोपलीचे घ्या. उरलेली देणगी योग्य दाराने येऊ द्या.

विक्रीसाठी आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढा. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतो, पॅन आणि बँक खाते लागते, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा पक्की करावी लागते, हे विसरू नका. टपाल खात्याने डिसेंबर २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत, आता देशात ती हजारावर आहेत. तिथे टपाल निर्यात बिल संगणकावर भरता येते. त्यासाठी मुंबईला खेप घालावी लागत नाही.

आता वस्तूंविषयी. मोरपीस आपल्याकडे रानात पडलेले मिळते, पण ते किंवा ते लावलेली वस्तू भारतातून बाहेर पाठवायला बंदी आहे. हरणाचे शिंग, वन्य प्राण्याचे कातडे यांचेही तेच. घरातली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा भांडे पुरावस्तू ठरते, ते पाठवू नका. बियाणे पाठवू नका. मध न्यूझीलंडला चालत नाही. तिथे आणि ऑस्ट्रेलियात माती, शेण आणि गवत यांवर कडक नजर असते, कारण त्यातून त्यांच्या शेतीत कीड-रोग जाण्याची भीती असते. आपल्या चित्राच्या कापडाला शेणाचा लेप दिलेला असेल, तर त्या देशांची मागणी आल्यावर नुसत्या गेरूची किंवा रंगाची पार्श्वभूमी करून द्या, आणि कागदावर तसे लिहा. लेप असताना ‘नाही’ लिहू नका. बांबू पूर्ण वाळलेला हवा, त्यात भुंगा नको. भरणीला भाताचा पेंढा वापरू नका, कागद वापरा. लाकडी खोके केलेच तर त्याचे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले लागते. पुठ्ठ्याचा खोका स्वस्त आणि सोपा.

नियम बदलतात, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याआधी काही दिवस आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले थांबवली होती. ती ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिकडचे शुल्क इथेच आगाऊ भरायची पद्धत आली. म्हणून गेल्या नाताळात चालले ते यंदा चालेल असे धरू नका. मागणी आली की आधी टपाल कार्यालयात विचारा, घेणाऱ्याला तिकडचा कर किती लागेल ते सांगा, मगच किंमत ठरवा.

शुभवर्तमानात मत्तय आहे, तो जकातीच्या नाक्यावर बसणारा. जक्कय आहे, त्याने लुबाडलेले चौपट परत द्यायचे ठरवले. त्यांच्या काळी नाक्यावर बसलेला लोकांना फसवी. आज नाक्यावरून माल नेणारेही फसवतात. प्रभूने मत्तयाला नाक्यावरून उठवले, तेव्हा त्याच्या हातात लेखणीची सवय होती. आपल्याही हातात लेखणी आहे. तिच्याने खरे लिहायचे की सोयीचे, हे प्रत्येक पार्सलाला नव्याने ठरवावे लागते.

शेवटी एक काम सांगतो. प्रत्येक गटाने आजपासून एक वही करावी. वस्तू कोणी केली, किती दिवस लागले, माल कितीचा, मजुरी किती, विकली कितीला. त्या ओळीपुढे करणाऱ्या ताईची सही किंवा अंगठा. फॉर्मवरची किंमत त्या वहीतूनच उतरवायची. टपाल पावती तिथेच चिकटवायची. वही ताईंना वाचून दाखवायची, म्हणजे आपले काम कुठे गेले आणि काय भावाने गेले, हे त्यांना कळेल. पुढच्या बैठकीला येताना वह्या बरोबर आणा, आपण एकत्र बसून बघू.

देव तुम्हांला आशीर्वाद देवो. जोहार!