तहान मारू नका



मुंबईला आलात म्हणजे प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला तुम्ही जात असाल. हा भाग एके काळी गिरणी कामगारांचा. इथल्या जुन्या चाळींत संडास मजल्याच्या टोकाला असे. धडधाकट माणसाला ती वीस पावले. पण दहीहंडीच्या थरावरून पडून ज्याचा कणा दुखावला, त्या तरुणाला तेच वीस कोस होतात. मग तो काय करतो? पाणी पिणेच सोडतो. तुमच्या गावात नारळावरून पडलेला किंवा विहिरीत कोसळलेला गडीही तेच करतो. घरच्यांना त्रास नको, आणि बोलायची लाज.

मंडळी, ही लाज जिवावर बेतते.

मूत्राशय भरले, हा निरोप कण्यातल्या मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, आणि 'आता सोड' हा हुकूम त्याच वाटेने खाली येतो. मज्जारज्जू दुखावला, की निरोप अडतो. कुणाची लघवी तुंबते, कुणाची नकळत होते. कुणाचे मूत्राशय आकसते, पण तोंड मात्र बंदच राहते. आतला दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते. पूर्वी असे रुग्ण फार दिवस जगत नसत. कण्याच्या दुखापतीपेक्षा लघवीतला जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या जखमाच त्यांना नेत. 1944 साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी खास विभाग सुरू केला, आणि चित्र पालटू लागले.

उपाय काय? मेंदूचा निरोप पोचत नाही, तर घड्याळाचा निरोप ऐकायचा. दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची. अमेरिकेतल्या डॉक्टर लॅपिडिस यांनी 1972 साली दाखवून दिले, की हे काम रुग्ण घरीच, साबणाने हात स्वच्छ धुऊन करू शकतो. पोट जोराने दाबून लघवी काढू नका. त्याने दाब वाढतो. एका वेळी पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त निघू लागली, तर वेळ अलीकडे घ्या. पाणी दिवसभर थोडे थोडे प्या, रात्री जेवणानंतर कमी. हाताने जमत नसेल, तर डॉक्टर नळी कायम ठेवतात. तेव्हा पिशवी मूत्राशयाच्या खालीच असावी आणि नळीला पीळ पडू देऊ नये.

थंडी वाजून ताप आला, तर घरगुती औषधात दिवस घालवू नका. आणखी एक खूण नीट ध्यानात ठेवा. दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, आणि एकाएकी डोके ठणकू लागले, तोंड लाल होऊन घाम फुटला, तर रुग्णाला ताठ बसवा. कपडे सैल करा, मूत्राशय रिकामे करा, नळी तुंबली आहे का पाहा. लगेच उतार पडला नाही, तर तडक दवाखाना गाठा. रक्तदाब धोक्याइतका चढलेला असतो.

नळी घालायला परिचारिकेकडून शिकून घ्या. कोणती वापरावी, कशी स्वच्छ ठेवावी, हेही तिलाच विचारा. प्रभादेवीहून जवळच, हाजीअलीला, 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तुम्ही दूर असाल, तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मूत्रपिंडांची तपासणी वर्षातून एकदा तरी करवून घ्या.

गुरुजी, दोन शब्द तुमच्यासाठी. चाकांच्या खुर्चीत बसणारे मूल वर्गात असेल, तर त्याला ठरल्या वेळी, न विचारता बाहेर जाऊ द्या. मोरीचे दार खुर्ची जाईल एवढे रुंद असावे, आत पाणी आणि साबण असावा. इतर मुले हसली, तर त्यांना मघाशी सांगितलेली निरोपाची गोष्ट सांगा. मुलांना ती चटकन समजते.

आणि घरच्या माणसांनो, आज त्याच्या उशाशी दोन वस्तू ठेवा : पाण्याचा तांब्या आणि एक घड्याळ.